सायकल बंद करू नका, डोकं उघडं ठेवू नका

मढ, पारगाव, करंजाळे, खुबी, सितेवाडी, कोल्हेवाडी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे पालक, विद्यार्थी, शिक्षक आणि या रस्त्यावर गाडी चालवणारे सर्वजण, यांना ही विनंती.

शाळा उघडल्या की आपल्या रस्त्यावर सायकली दिसू लागतात. कुणी शाळेला निघालेलं असतं, कुणी कॅरिअरला दुधाचं कॅन बांधून डेअरीला, कुणी ओतूरच्या कॉलेजला जायची एसटी धरायला फाट्यापर्यंत. याच रस्त्याने कांद्याचे ट्रक जातात, तरकारीचे पिकअप जातात, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. आपल्या पोरांना दुसरा रस्ता नाही. कल्याण–अहिल्यानगर महामार्ग हाच त्यांचा शाळेचा रस्ता आहे.

म्हणून विनंती अशी की सायकलवर बसणाऱ्या प्रत्येकाने, निदान शाळेच्या मुलांनी तरी, हेल्मेट घालावं. आणि तितक्याच कळकळीने दुसरी विनंती, की भीतीपोटी मुलांची, त्यातही मुलींची, सायकल बंद करू नये.

ही दुसरी गोष्ट आधी बोलते. १७ डिसेंबर २०२३ च्या रात्री याच महामार्गावर डिंगोऱ्याजवळ ट्रक, पिकअप आणि रिक्षाचा अपघात होऊन आठ जण गेले. असं काही घडलं की घरोघरी एकच बोलणं होतं, ‘नको बाई ती सायकल.’ मुलाला ती महिन्याभरात परत मिळते. मुलीची मात्र पडवीत टेकून राहते. मग एसटी आली तर शाळा, नाही आली तर खाडा. खाडे वाढले की अभ्यास मागे पडतो, आणि अभ्यास मागे पडला की घरात लग्नाचं बोलणं सुरू व्हायला वेळ लागत नाही. सायकलमुळे मुलगी स्वतःच्या वेळेने जाते, कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. ते तिच्याकडून काढून घेऊ नका.

आता हेल्मेटचं. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने मोटारसायकलवाल्याला हेल्मेट सक्तीचं केलं आहे, सायकलवाल्याला नाही. त्यामुळे ‘सायकलला कुठं लागतंय हेल्मेट, वेग केवढासा’ असं सगळेच म्हणतात. पण डोकं फुटायला वेग लागतोच असं नाही. दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर झालेला असतो. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण तेवढ्याच उंचीवर असतं. म्हणजे उभ्या सायकलवरून तोल जाऊन कुणी आडवं पडलं, तरी डोकं एवढ्या जोराने डांबरावर बसू शकतं. युरोपात सायकलच्या हेल्मेटची चाचणीही साधारण याच वेगाने आपटून घेतात.

आपल्या रस्त्यावर मूल पडतं कसं, ते एकदा उभं राहून बघा. मागून मोठी गाडी हॉर्न देते. मूल घाबरून डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतं. तिथे खडी सुटलेली असते, आणि डांबराची कड साइडपट्टीपेक्षा चार बोटं उंच. गाडी गेली की मूल सायकल तिरपी घालून पुन्हा वर चढायला जातं. पुढचं चाक त्या कडेला घासत राहतं, वर चढत नाही, हँडल फिरतं आणि पोर थेट रस्त्याच्या बाजूला पडतं. त्यात धरणाच्या पाण्यावरून वारा सुटलेला असेल तर विचारूच नका. मुलांना हे शिकवा: खाली उतरलात की थांबा, पायडलवरून पाय काढा आणि सायकल हातात धरून वर घ्या. दोन मिनिटं उशीर झाला तर बाई रागावणार नाहीत.

हेल्मेट अशा पडण्यापासून वाचवतं. भरधाव ट्रकने उडवलं तर ते पुरं पडत नाही, हे मी लपवणार नाही. कुणी म्हणेल, नेदरलँड्समध्ये तर घरटी सायकली आहेत आणि हेल्मेट फारसं कुणी घालत नाही. खरं आहे. पण तिथे सायकलींना बऱ्याच ठिकाणी वेगळे रस्ते बांधलेले आहेत, आणि जिथे नाहीत तिथे गाड्यांना वेग कमी करावा लागतो. आपल्याकडे तसा रस्ता होईल तेव्हा हा विषय पुन्हा काढू.

मोटारसायकलचं जुनं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवून भागवू नका. ते जड असतं, मान अवघडते आणि मागची गाडी नीट ऐकू येत नाही. सायकलचं हेल्मेट वेगळं येतं, हलकं आणि वारा खेळणारं. साधं, चांगलं हेल्मेट पाचशे ते हजार रुपयांत मिळतं. त्याच्या आत थर्माकोलच्या जातीचा घट्ट थर असतो. आपटल्यावर तो थर स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा मार कमी करतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, वरून चांगलं दिसत असलं तरी नवीन घ्या.

घालायचं कसं, तेही बघा, कारण डोक्याच्या मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळाला काहीच कामाचं नाही. भुवईच्या वर दोन बोटं जागा राहील इतकं पुढे आणि सपाट हवं. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाददुसरं बोट जाईल इतकाच तो सैल ठेवा. मुलींनी अंबाडा किंवा उंच पोनी घातली तर हेल्मेट पुढे कलंडतं. शाळेच्या दोन वेण्या खाली सोडलेल्या उत्तम. ओढणी कमरेला बांधा, नाहीतर चेनमध्ये किंवा मागच्या चाकात जाते. रेनकोटची टोपी हेल्मेटवरून ओढू नका. मान वळवली तरी ती टोपी वळत नाही आणि बाजूची गाडी दिसत नाही.

जूनपासून आपल्याकडे धुकं उतरतं. दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही अशी सकाळ आपल्याला नवी नाही. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, दप्तराला चमकणारी पट्टी आणि जमलं तर एक लुकलुकणारा लाल दिवा एवढं लावाच. आणि ब्रेकचे रबर झिजलेत का, ते पावसाआधी बघून घ्या. बिबट्याचं सांगायला नको; दिवेलागणीच्या आत, तीन-चार जणांनी मिळून घरी यावं.

शिक्षकांना एक हात जोडून सांगणं आहे. हेल्मेटचं कौतुक करा, वर्गात ठेवायला एक खुंटी द्या, घालणाऱ्याला ‘हेल्मेटवाला’ म्हणून कुणी चिडवलं तर तिथेच थांबवा. पण ‘हेल्मेट नसेल तर सायकल आणू नका’ असा नियम करू नका. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली सायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती केली. डोक्याच्या जखमा कमी झाल्या, पण त्या वेळच्या मोजणीत सायकल चालवणारेही कमी दिसले, आणि कमी झालेल्यांत शाळकरी वयाची मुलं जास्त होती. ठाकरवाडीतल्या ज्या मुलाला दप्तरच कसंबसं मिळालंय, त्याला आपण हेल्मेटसाठी फाटकातून परत पाठवायचं का? त्याला हेल्मेट मिळवून द्यायचं काम आपलं आहे.

इथे मला मुंबईकर मंडळींची आठवण होते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातली माणसं १८९० पासून मुंबईत डबे पोचवत आली आहेत, आणि त्यांतली कितीतरी आजही भर गर्दीत डब्यांनी लगडलेली सायकल हाकतात. सायकलवरच्या माणसाचा जीव रस्त्यावर कसा टांगलेला असतो, हे त्यांना कुणी सांगायला नको. गावाच्या यात्रेला तुम्ही हौसेने वर्गणी देता. या वर्षी त्यातली थोडी बाजूला काढून शाळेला हेल्मेट द्या. आणि दादांनो, तुमच्या स्वतःच्या डोक्यालाही एक घ्या.

गाडी चालवणाऱ्यांनो, सायकलच्या पाठीशी येऊन हॉर्न दाबू नका. लांबून एकदा वाजवा, वेग कमी करा आणि हातभर नव्हे, पुरुषभर अंतर सोडून पुढे जा. समोरून गाडी येत असेल तर मागे थांबा. आणि कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलेलं आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुणी निघून जाऊ नये.

राहिली गोष्ट रस्त्याची. साइडपट्टी भरून डांबराच्या पातळीला आणणं, फाट्यावर आणि शाळेजवळ वेग कमी करायला लावणारे पट्टे, वळणावरची झुडपं तोडणं, थांब्यावर एक दिवा: ही चार कामं ठरावात लिहून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायची आहेत. महामार्ग ग्रामपंचायतीच्या हातात नाही असं उत्तर मिळेल. ठीक आहे, मग ठराव पुढे महामार्गाच्या कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या. त्या दिवशी पालकांनी, विशेषतः आयांनी, झेंडावंदन झालं की घरी न जाता सभेला थांबावं आणि ठरावावर सही करावी.

— एक पालक, मढ