तंबाखूच्या मुलखातील धाप

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले आणि कर्नाटक शासनाने त्यास कडाडून आक्षेप घेतला. एका राज्याने दुसऱ्या राज्यातील रुग्णाचा खर्च सोसावा काय, यावर उभय बाजूंनी पुष्कळ बोलून झाले आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटो. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते एका कॅप्सूलविषयी.

निपाणी हे तंबाखूचे गाव. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी तेथे पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. त्याच काळात वखारींत तंबाखू कुटणाऱ्या व चाळणाऱ्या स्त्रियांनीही संघटित होऊन आपले हक्क मागितले. दरांची आणि मजुरीची चर्चा झाली. छातीत साचत गेलेल्या खकाण्याची त्या मानाने थोडीच झाली. विडीचा धूर, चुलीचा धूर आणि वखारीतील धूळ यांनी श्वासनलिका वर्षानुवर्षे अरुंद होत जातात आणि उतारवयात चार पावले चालताच धाप लागते. वैद्यक या विकारास सीओपीडी म्हणते. गावात त्याचे नाव एकच, दमा.

घोटाळ्याचा उगम या नावातच आहे. दमा हा निराळा विकार होय. श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारी सालमेटेरॉल, फॉर्मोटेरॉल यांसारखी औषधे सीओपीडीत एकेकटी चालतात. खऱ्या दम्यात मात्र स्टेरॉइडच्या जोडीवाचून ती घेणे जिवावर बेतू शकते. तेव्हा शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचे यंत्र तोंडाला लावणे हा शेजारधर्म नव्हे.

दुसरा घोटाळा कॅप्सूलचा. टायोट्रोपियमची कॅप्सूल यंत्रात घालून, तिला भोक पाडून, आतील पूड श्वासावाटे खोल ओढून घ्यावयाची असते. पण कॅप्सूल दिसली की पाण्याबरोबर गिळावी, हीच आपल्याकडील रीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनालाही २००८ मध्ये या गिळण्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. मग ज्या आजीबाईला वेष्टनावरील इंग्रजी अक्षर लागत नाही, तिला दोष कोणी द्यावा? गिळलेल्या औषधाने धाप कमी होत नाही. औषध निरुपयोगी, असे म्हणून ती ते सोडून देते.

हे औषध दिवसातून एकदाच घ्यावयाचे असते आणि त्याचा परिणाम सुमारे चोवीस तास टिकतो. अकस्मात धाप लागली असता ते कामाचे नाही. त्यासाठी सालब्युटामॉलसारखे काही मिनिटांत गुण देणारे औषध जवळ हवे. घाबरून टायोट्रोपियमची दुसरी कॅप्सूल ओढू नये. काचबिंदू असलेल्यांनी, तसेच लघवीस अडथळा होणाऱ्या वृद्ध पुरुषांनी, डॉक्टरांस आधी सांगावे. डोळा दुखून दृष्टी अंधूक झाली किंवा लघवी अडली तर तत्काळ दाखवावे. पूड डोळ्यांत जाऊ देऊ नये, यंत्रात फुंकर मारू नये आणि कॅप्सूल घ्यावयाच्या वेळीच पाकिटातून काढावी, कारण दमट हवेत पूड बिघडते. (आपल्या किनाऱ्यावरील पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे.) औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून ती थुंकावी, अन्यथा तोंडात बुरशी धरते. विडी न सोडता हे सर्व करणे म्हणजे भोके पडलेल्या घागरीत पाणी भरणे आहे.

या सूचना पाच मिनिटांत सांगून होतात, मात्र त्या रुग्णाच्या भाषेत सांगितल्या पाहिजेत. शासकीय योजनांचा भर इस्पितळात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर. रोजचे ओढावयाचे औषध आणि ते शिकविणारा माणूस त्यांच्या हिशेबात सहसा नसतो. बेळगाव-निपाणीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कर्नाटक शासनाने कन्नडबरोबर मराठीतही सचित्र पत्रक ठेवले, आशा सेविकेने रुग्णाकडून यंत्र एकदा प्रत्यक्ष वापरवून घेतले, तर कोणाच्या अस्मितेस धक्का लागेल असे आम्हांस वाटत नाही. चोर्ला घाट उतरून बांबोळीस येणाऱ्या रुग्णांसाठी आपल्या गोमेकॉनेही असे पत्रक हाती द्यावे. त्यास ना न्यायालयाचा निकाल लागतो, ना मंत्रिमंडळाचा ठराव.