फोनच्या घड्याळात दडलेली मूळ संख्या

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा ठेवा. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चला. ३१व्या घरापर्यंत एकूण दाणे किती होतील? २,१४,७४,८३,६४७! म्हणजेच दोनाच्या ३१व्या घातातून एक वजा.

आता हे दाणे सारखे वाटून पाहा. दोघांत वाटा, शंभरांत वाटा, लाखात वाटा, काही ना काही उरतेच. कारण ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, याखेरीज कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही.

हे नुसते बघून कळत नाही बरं का! ११ घरांपर्यंतचे दाणे होतात २०४७. ते २३ जणांना प्रत्येकी ८९ असे बिनचूक वाटता येतात. मग आपली मोठी संख्या मूळच आहे, हे ठरवले कोणी?

लिओनार्ड ऑयलर यांनी, १७७२ मध्ये. तेव्हा ते रशियात सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. साध्या रीतीने ४६,३४० पर्यंतच्या चार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलर यांनी आधी विचार केला. भाग जायचाच असेल, तर ज्या मूळ संख्येला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरते, तिनेच जाईल, हे त्यांनी ओळखले. काम चारशेहून कमी भागाकारांवर आले. एकानेही भाग गेला नाही!

पुढे १८११ मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी लिहिले, की याच्या पलीकडे बहुधा कोणी जाणार नाही. अशा संख्या फक्त कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, असे त्यांचे मत होते.

पण आज हीच संख्या आपल्या रोजच्या यंत्रांत आहे. अनेक संगणक एक संख्या ३२ खुणांत साठवतात. एक खूण अधिक-उणेसाठी, उरल्या ३१. त्या सगळ्या भरल्या, की होते आपलीच संख्या. अनेक यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असेच मोजतात. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मोजणी भरेल. पुढच्याच सेकंदाला, दुरुस्ती न झालेल्या जुन्या यंत्राचे घड्याळ १९०१च्या डिसेंबरात जाऊ शकते! नव्या फोनमध्ये ६४ खुणा असतात, त्यामुळे त्यांना ही भीती नाही. जुनी यंत्रे मात्र वेळेत बदलावी लागतील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तब्बल ४ कोटी १० लाख अंकी मूळ संख्या सापडली. ‘तिचा उपयोग काय?’ असे घरात कोणी विचारलेच, तर त्यांना बार्लोंची गोष्ट सांगा.

आणि हो, १३ घरांपर्यंतचे दाणे मोजा. ती संख्या मूळ आहे का, हे मुलांसोबत शोधा. ९०च्या पुढच्या संख्येने भागायची गरज पडणार नाही!