बहात्तर वार कापडाचा हिशेब

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष घालून दिले. तीन उपभोग घटकांचे कुटुंब धरावे, त्यांना पुरेसा आहार मिळावा, डोक्यावर छप्पर असावे आणि चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी बहात्तर वार कापड घेता यावे, इतके वेतन कामगाराच्या हाती पडले पाहिजे, असा तो हिशेब होता. भिवंडीत या निकषाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्या हातांखालून रोज कापडाचे ठाण उतरते, त्याच हातांना स्वतःच्या मुलांच्या कपड्यांसाठी दिवाळीची किंवा ईदची वाट का पाहावी लागते?

१९८२च्या संपानंतर मुंबईतील गिरण्यांची धुरांडी थंडावत गेली आणि कापडाचे बरेचसे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. काम आले, पण गिरणी कामगाराला मिळणारा महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि हक्काची रजा त्यासोबत आली नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार येथे बारा-बारा तासांची पाळी करतो. मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. वीज गेली किंवा सूत संपले की माग थांबतो आणि त्यासोबत मजुरीही. पगार हाती आला की आधी खानावळीचा हिशेब, मग खोलीचे भाडे आणि उरलेले गावाकडे.

अशा माणसाच्या हातात चांगला मोबाइल दिसला की सुस्थितीतील घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘सरकार फुकट धान्य देते, बायकांच्या खात्यात पैसे टाकते, आणि हे लोक चैन करतात.’ या वाक्यातील वस्तुस्थिती तपासली पाहिजे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील माणसी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात जुलै २०२४पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलेला महिना दीड हजार रुपये देण्यात येऊ लागले. परंतु ज्याचे कुटुंब परराज्यातील गावी आहे, त्याच्या घरी ते दीड हजार पोहोचतच नाहीत. आणि गावाकडच्या आईचा आवाज ज्यातून ऐकू येतो, त्या मोबाइलला चैन म्हणणे हा निव्वळ कोतेपणा होय.

लग्नकार्य, सणवार यांवरील खर्चाचेही तसेच. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण व विवाह यांसाठी पंचवीस टक्के तरतूद असावी, असे स्पष्ट केले. सण साजरा करणे हा गरिबाचा अपराध नव्हे. तो त्याच्या मजुरीचा भाग आहे.

खरा प्रश्न निराळाच आहे. मजुरी जगण्याला पुरत नसेल आणि उरलेली तूट सरकारी तिजोरी भरून काढत असेल, तर ती मदत नेमकी कोणाला? कामगाराला, की त्याला कमी दाम देणाऱ्या व्यवहाराला? अर्थात छोटा मागवालाही यात सुखी नाही. सुताचे चढते-उतरते भाव आणि व्यापाऱ्याने ठरवलेला विणाईचा दर यांत तोही भरडला जातो. मात्र एकाच छपराखालील माग वेगवेगळ्या नावांवर दाखवून कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्याची पद्धत समर्थनीय ठरत नाही. दहा कामगारांच्या अटीमुळे राज्य विमा योजनेचे कवच हुकले की एक आजारपण वर्षभराची बचत गिळून टाकते. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांची कसोटी दिल्लीत नव्हे, भिवंडीच्या गल्ल्यांमध्ये लागणार आहे.

याचा अर्थ व्यसनांकडे डोळेझाक करावी, असा नाही. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी असूनही तो मिळतो, आणि दारूच्या गुत्त्यावर पंधरवड्याची कमाई एका रात्रीत संपते, हेही खरे. पण संत गाडगेबाबांनी कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांना आणि दारूपायी घर उद्ध्वस्त करणाऱ्यांना खडसावले, ते आधी हातात खराटा घेऊन त्यांच्याच वस्तीत उतरून. उपदेशाचा अधिकार असा मिळवावा लागतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ उभारला, तोही कामगाराचे हित आणि राष्ट्राचे हित एकमेकांच्या विरोधात नाहीत, या श्रद्धेने.

म्हणून कार्यकर्त्याचे काम वस्तीत आहे : रेशनकार्डाची दुसऱ्या राज्यात चालणारी सोय समजावणे, बँकेत खाते उघडून देणे, बचतगट उभा करणे, व्यसनाधीन घरात पुन्हा पुन्हा जाणे. आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचे काम घरातच सुरू होते. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना आठवड्याची सुट्टी मिळते काय? त्यांचा पगार शेवटचा कधी वाढला? आजारपणातले दिवस कापले जातात काय? दुसऱ्याच्या खर्चाचा हिशेब मांडण्यापूर्वी आपण दिलेल्या मजुरीचा हिशेब मांडणे, हीच समरसतेची पहिली पायरी आहे.