दगड काढा म्हणता, मग पत्रा कोण धरणार?

21 मार्च 2024 च्या सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्हा हलला. रिश्टर 4.5. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा धक्का आला, 3.6 चा. आमच्या साखऱ्यात तेव्हा चुली पेटत होत्या. फळीवरचे डबे वाजले, माळवदातून माती गळाली, आम्ही अंगणात पळालो. आई उंबऱ्यातच उभी. "थांबलं का रे?" म्हणून विचारत होती. थांबलं म्हटल्यावर ती पुन्हा आत गेली, कारण चुलीवर दूध होतं.

त्याच दिवशी शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनानं लोकांना आवाहन केलं: घराच्या पत्र्यांवर आधारासाठी मोठे दगड ठेवले असतील, तर ते काढून घ्या.

आवाहन योग्यच होतं. धक्क्यानं तो दगड घरंगळून खाली आला, तर झोपलेल्या माणसाचं काय होईल हे सांगायला नको. पण तो दगड वर चढला कसा? हौसेनं कुणी पत्र्यावर दगड नेऊन ठेवत नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, घरातलं धान्य भिजतं, उडालेला पत्रा माणूस कापतो. म्हणून दगड. ती आमची आपत्तीची पूर्वतयारीच आहे, फक्त वाऱ्याच्या आपत्तीची. दगड काढायचा तर खाली लोखंडी अँगल हवा आणि पत्रा हुकानं आवळायला हवा. त्याचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मात्र घरमालकाच्या गळ्यात.

माझं भांडण इथंच आहे. 10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा धक्का बसला, केंद्र कळमनुरी तालुक्यात. पुन्हा मोबाइलवर तेच फिरलं: घाबरू नका, सतर्क राहा. टेबलाखाली आसरा घ्या. आमच्या गल्लीत टेबल किती घरांत आहे ते मी मोजून सांगू शकतो. बाज आहे, तिच्याखाली कांदे आहेत. कागदपत्रं एका पिशवीत हाताशी ठेवा म्हणतात, ठेवलीही. पण ती पिशवी ज्या खुंटीला लटकली आहे, ती खुंटी ज्या भिंतीत आहे, ती भिंतच खरा धोका आहे. माणूस कितीही सतर्क राहिला तरी भिंत सतर्क होत नाही.

ही भिंत मराठवाड्याला नवी नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्री 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीत जे झालं त्यात सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास 8 हजार माणसं गेली. बहुतेक माणसं स्वतःच्याच घराखाली गेली. दीड-दोन फुटी भिंत. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर लाकडं आणि त्यावर दरवर्षी वाढत गेलेली माती. भिंतीचे दोन थर फाकले की ते सगळं वजन सरळ खाली. साखऱ्यातलं आमचं जुनं घर असंच आहे. तुमच्या आजोळचंही बहुधा असंच असेल.

"साडेचारच्या धक्क्यानं एवढा आरडाओरडा कशाला? कुणी मेलं का?" असं शहाणी माणसं विचारतात. किल्लारीतही ऑगस्ट 1992 पासून जमीन थरथरत होती. 18 ऑक्टोबर 1992 चा धक्का चार-साडेचारच्या आसपासचाच होता. पुढं धक्के ओसरले आणि लोक पुन्हा घरात झोपायला लागले. सरकारी नकाशात तो भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. याचा अर्थ हिंगोलीत तसंच होईल असा मुळीच नाही. भूकंपाचं भाकीत कुणालाच करता येत नाही. पण म्हणूनच तर भिंतीकडं आधी बघायला हवं.

आता सरकारी हिशेब बघा. 2022 ते 2026 साठीच्या मदतीच्या निकषांप्रमाणं आपत्तीत माणूस मेला तर 4 लाख. सपाट प्रदेशात घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार. कच्च्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 4 हजार. आणि घर पडू नये म्हणून या निकषांत घरमालकाला काय? काही नाही. घर पाडून दाखवा, मग बोलू!

पैसा नाही असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीतला 20 टक्के वाटा आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी वेगळा ठेवला. आणि हे जमत नाही असंही नाही. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून याच महाराष्ट्रानं सुमारे 2 लाख घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबवला. माळवदावरची माती कमी करणं, भिंतीत आरपार काँक्रीटचे टाके घालणं, वरून पट्टी फिरवून चारही भिंती एकमेकींना बांधणं, ही कामं गावातल्या गवंड्याला शिकवता येतात. हे सगळं माहीत असलेलं राज्य तीस वर्षांनी आम्हाला टेबल शोधायला सांगतं.

आमचाही दोष आहे, तो लपवत नाही. माळवद गळलं की आम्ही जुनी माती न काढता वर नवी टाकतो. पैसा आला की जुन्या भिंतीला हात न लावता पुढं गिलावा आणि रंग. घरकुल बांधताना पट्टीतलं लोखंड वाचवतो, कारण पट्टी दिसत नाही. हप्त्यासाठी घराचा फोटो काढतात. कोपऱ्यातला गज नीट वाकवून पुढच्या भिंतीत नेला की नाही, ते पूर्ण घराच्या फोटोत कसं दिसणार?

म्हणून मागणं साधं आहे. ग्रामपंचायतीनं गावातल्या माळवदांची आणि दगड ठेवलेल्या पत्र्यांची यादी करावी. तालुक्याला गवंड्यांना आठ दिवस शिकवावं. पत्रा बांधायला आणि एक तरी झोपायची खोली मजबूत करायला घर पडायच्या आधी पैसे द्यावेत. आणि घरकुलाची पट्टी काँक्रीट ओतण्यापूर्वी कुणीतरी डोळ्यांनी पाहावी.

जुलैच्या धक्क्यानंतर आम्ही भावांनी माळवदावरची निम्मी माती उतरवली. आठ दिवस लागले. पुढच्या पडवीच्या पत्र्यावरचे दगड मात्र अजून तिथंच आहेत. अँगलचे पैसे सोयाबीनवर अवलंबून आहेत. आईला म्हटलं, पावसाळा संपेपर्यंत तू नव्या खोलीत झोप. ती म्हणाली, "ह्या घरात चाळीस वर्षं झोपले, काही झालं नाही." किल्लारीतही लोक हेच म्हणाले असतील.