कॅमेरा बदलण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात भिंतीवर आजीचा जो फोटो आहे, तो आधार कार्डावरचा आहे. बोटाच्या पेराएवढा तो फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. मोठा करताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके उरले. दहाव्याला आलेल्या एका पाहुण्याने तो पाहून मला विचारले, "अरे, तू तर दोन वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर फिरतोस. तुझ्याकडं म्हातारीचा एक धड फोटो नाही?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे, असे म्हटले तरी चालेल.

मी फोटो काढलाच नव्हता असे नाही. २०२४ च्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नान आटोपून लोणंदला मुक्कामी आली, त्या संध्याकाळी आजी आमच्या दारात वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढत होती. आभाळ भरून आलेले, आणि उजेड म्हणाल तर दारावरच्या एका बल्बचा. माझ्या हाती मामाने दिलेला दहा वर्षांचा जुना डिजिटल कॅमेरा होता आणि त्याला कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स होती. तीस-चाळीस फोटो काढले. एकातही आजी धड आली नाही. वाढणारा हात म्हणजे नुसता पांढरा फराटा, आणि चेहरा पाण्यात पाहिल्यासारखा. मी पुन्हा पुन्हा थांबवू लागलो तेव्हा ती म्हणाली, "र्‍हाऊ दे आता, लोकं भुकेली हायती. म्होरल्या वर्साला काढ." त्याच थंडीत ती गेली.

कॅमेरा जुना, म्हणून फोटो बिघडला, असा निष्कर्ष मी काढला. तो सोपा होता आणि त्यात माझा दोष नव्हता! लग्नसराईत फोटोग्राफरच्या हाताखाली लाइट धरून, बॅगा वाहून दोन हंगामांत मी अठरा हजार रुपये साठवले होते. एवढ्यात नवी बॉडी येत नाही. उरलेले हप्त्याने फेडावेत असे मित्रांचे मत पडले. एकाने तर दाखला दिला, "दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकल्याच होत्या की!"

दाखला खरा आहे, पण अर्धा. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, हे खरे. परंतु त्यापूर्वी छायाचित्रण, छपाई, ब्लॉक तयार करणे यांत त्यांची वर्षे गेली होती. आपल्याला काय काढायचे आहे आणि ते कशाने निघेल, हे ठाऊक असलेला माणूस लंडनला गेला होता. परत आल्यावर त्यांनी कुंडीत पेरलेले बी कसे उगवते, याचे चित्रण थोडे थोडे करून दाखवले आणि त्यावर भांडवल उभे केले. मला मात्र 'माझा फोटो का बिघडला' एवढेही सांगता येत नव्हते. ऋण काढून सण करणारे आणि फाळके यांच्यात एवढाच फरक आहे. पण तो फार मोठा आहे.

मला शहाणे केले ते ज्यांच्या हाताखाली मी काम करतो त्या फोटोग्राफरनी. ते म्हणाले, "कुठला कॅमेरा घेऊ ते नंतर विचार. कुठला फोटो निघाला नाही, तो आधी दाखव." मी आजीचा फोटो दाखवला. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. खालचे आकडे वाचले. शटर सेकंदाचा पंधरावा भाग, आयएसओ ३२००, अॅपर्चर एफ ५.६. मग म्हणाले, "कॅमेरा आंधळा नाही रे तुझा. घराची खिडकी बारकी आहे."

माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी हे जरा उलगडून सांगतो. लेन्समधून उजेड ज्या भोकातून आत येतो, त्याचे माप म्हणजे हा एफचा आकडा. आकडा लहान तितके भोक मोठे, असा उलटा हिशेब आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. उलट ५० मिलिमीटरची साधी, झूम नसलेली लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा. साडेनऊच्या आसपास येईल. म्हणजे त्याच बल्बचा उजेड नऊ पटींहून अधिक आत येतो. जिथे शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडे ठेवावे लागत होते, तिथे सव्वाशेवा भाग पुरतो. पंधराव्या भागात वाढणारा हात हलतो. सव्वाशेव्या भागात तो बराचसा थांबतो.

हीच गोष्ट नवी बॉडी घेऊन, पण तीच लेन्स ठेवून साधायची म्हटली तर आयएसओ ३२०० चा २५,६०० करावा लागेल. माझ्या ऐपतीतली कोणतीही बॉडी तिथे पोचेपर्यंत फोटोवर रांगोळी सांडल्यासारखे दाणे उमटतात. तेव्हा नवी बॉडी चाळीस-पन्नास हजारांची, आणि माझे दुखणे बरे करणारी लेन्स नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपासची! दुखणे पायाला आणि मलम डोक्याला, असा माझा बेत होता.

मेगापिक्सेलच्या मोहाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण दुकानदार पहिल्यांदा तोच आकडा सांगतो. सहा बाय चार इंचांचा अल्बममधला फोटो उत्तम छापायला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे जेमतेम बावीस लाख ठिपके लागतात. आपल्या वार्षिकांकाचे पान ए-फोर आकाराचे धरले, तर पूर्ण पानाला नऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात बारा आहेत. गेल्या काही अंकांत आपल्या सहलीचे फोटो काळेबेरे छापले गेले, त्याचे कारण मेगापिक्सेल कमी पडले हे नव्हे. ते हललेले होते, अंधारात काढलेले होते, किंवा मोबाईलवरून एकमेकांना पाठवता पाठवता बारीक झालेले होते.

बॉडी जुनी होते, लेन्स तितकी लवकर होत नाही, हा दुसरा मुद्दा. बॉडी म्हणजे एक प्रकारचा संगणकच. चार-पाच वर्षांत तिची किंमत निम्म्याहून खाली येते. चांगली लेन्स मात्र पुढच्या बॉडीवरही चढते. कॅननची १९८७ साली सुरू झालेली ईएफ बैठक असो की निकॉनची १९५९ पासूनची एफ बैठक असो, त्यांच्या लेन्स आजही वापरात आहेत. दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नव्या बैठका आणल्या. जुन्या लेन्स त्यांवर जोडकडे लावून बसवता येतात. पुष्कळ जण नव्याकडे वळल्यामुळे जुन्या लेन्स बाजारात स्वस्तात येऊ लागल्या आहेत. आपल्यासारख्यांना ही संधीच आहे.

पण ५० ची लेन्स म्हणजे सर्व रोगांवर एकच काढा, असेही समजू नये. काम कोणते, त्यावर लेन्स ठरते. लोणंदपुरते बोलायचे तर कांद्याच्या बाजारात दिवसाउजेडी ढीग, हमाल आणि लिलावाची गर्दी एका चौकटीत घ्यायची असेल, तर ती हिणवली जाणारी १८-५५ च उत्तम. एफ ८ वर ती पुष्कळ महागड्या लेन्सना हार जाणार नाही. चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात धावणारा अश्व पकडायचा तर गर्दी आपल्याला पुढे जाऊ देत नाही. तिथे लांब पल्ल्याची, २५० किंवा ३०० पर्यंत जाणारी झूम हवी. ऊन असेल तर तिचे एफ ५.६ सुद्धा भागते. आणि घरातल्या अरुंद खोलीत ५० ची लेन्स अडचणीची ठरते, कारण आपल्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० सारखी वागते. मागे सरता सरता पाठ फडताळाला लागते. तिथे ३५ ची बरी. शिवाय एफ १.८ वर डोळा नेमका आला तर कान धूसर होतो. दोन ओळींचा वर्गाचा फोटो त्यावर काढू नये.

लेन्स घेताना मी स्वतः एकदा फसलो आहे. पुण्यातल्या एका दुकानातून वापरलेली लेन्स घाईने आणली. घरी आल्यावर कळले, की माझ्या बॉडीवर तिचा फोकस आपोआप होतच नाही. परत देताना आठशे रुपये कापून घेतले गेले. चूक माझीच होती. विचारले नाही आणि लावून पाहिले नाही. तेव्हा हे ध्यानात ठेवावे: निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून मोटर असलेलीच लेन्स घ्यावी लागते. कॅननची ईएफ-एस लेन्स मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर बसत नाही, ईएफ दोन्हींवर बसते. वापरलेली लेन्स घेताना पाठीमागून बॅटरीचा झोत टाकून पाहावा; आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग फुकट मिळाली तरी घेऊ नये. बॉडी वापरलेली घेणार असाल तर शटर किती वेळा पडले आहे ते विचारावे. साध्या बॉडीचे शटर साधारण एक लाख वेळांच्या हिशेबाने केलेले असते. आणि पावसाळ्यात लेन्स चामडी पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. हा डबा आमच्याकडे लोणच्याच्या बरणीशेजारी असतो.

मग बॉडी कधी बदलावीच नाही काय? असा माझा हट्ट नाही. शटर मोडले, दुरुस्तीचा खर्च वापरलेल्या बॉडीएवढा झाला, किंवा चांगली लेन्स लावूनही आपले नेहमीचे काम निघेना, तर अवश्य बदलावी. लग्नाचे काम घेणाऱ्याला दोन कार्डे एकाच वेळी भरणारी बॉडी लागते, कारण एक कार्ड बिघडले तरी सप्तपदी पुन्हा घेता येत नाही. ज्याला चलत्चित्रण करायचे आहे, त्यालाही नव्या बॉडीचा उपयोग आहे. पण 'मित्राने घेतली' हे कारण त्यांत बसत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यापुरती ठेवली आहे.

आपल्याच मुलुखात याचा थोर दाखला आहे. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी विलायती कॅमेऱ्याची वाट पाहत न बसता विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास स्वतःच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आपण कॅमेरा घडवू शकणार नाही. पण आहे त्या कॅमेऱ्याची ओळख करून घेणे तरी आपल्या हाती आहे.

मी शेवटी वापरलेली ५० ची लेन्स सहा हजारांत घेतली. उरलेल्या पैशांतून यंदाची फी भरली. २०२५ च्या वारीत त्याच दारात, त्याच बल्बखाली, त्याच जुन्या कॅमेऱ्यावर ती लावून उभा राहिलो. आजीच्या जागी आई वाढत होती. हात थांबलेला आला, भाकरीची वाफ आली, समोरच्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का आला. आईने फोटो पाहिला आणि ती काही बोलली नाही, नंतर म्हणाली, "हात अगदी आत्याबाईंसारखा दिसतोय." माझ्या पदरी पडायचे ते बक्षीस पडले. पण आधार कार्डाचा फोटो भिंतीवरून उतरला नाही, आणि आता तो उतरणारही नाही. जे ज्ञान एका वर्षाने उशिरा मिळाले, त्याची किंमत कुठल्याही दुकानात परत मिळत नाही.

म्हणूनच माझी एक सूचना आहे. आपल्या ग्रंथालयातून पुस्तक जसे सही करून आठवड्यासाठी घरी नेता येते, तशी एक वापरलेली बॉडी आणि दोन लेन्स महाविद्यालयाने घ्याव्यात आणि नोंदवही ठेवून विद्यार्थ्यांना द्याव्यात. भूगोलाच्या सहलीला, इतिहासाच्या प्रकल्पाला, मराठीच्या लोकसाहित्याच्या संकलनाला त्यांचा उपयोग होईल. मोडतोड होईल, ही भीती रास्त आहे. पुस्तकेही फाटतात, म्हणून आपण ग्रंथालय बंद केलेले नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी आहे, आणि मागच्या पिढीचे धड फोटोही घरात नाहीत. ती माणसे अजून दारात आहेत, शेतात आहेत, बाजारात आहेत. त्यांच्यासाठी नव्या मॉडेलची वाट पाहू नये. हाती असलेला कॅमेरा काढावा, त्याचे आकडे वाचायला शिकावे, आणि या आठवड्यातच घरी जाऊन एक फोटो काढावा.