पिवळ्या रंगाचे जास्तीचे पैसे

१९९४ साली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वोच्या दोन ८५० गाड्या उतरल्या आणि प्रेक्षकांनी डोळे चोळले. सेडानच्या रांगेत चक्क लांब डिकीच्या स्टेशन वॅगन उभ्या होत्या! टॉम वॉकिनशॉ रेसिंगने तयार केलेल्या या गाड्या रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स चालवत होते. प्रतिस्पर्ध्यांनी टर उडवली, तेव्हा संघाने परेडच्या फेरीत मागच्या काचेआड भलामोठा कापडी कुत्रा बसवून तिची सव्याज परतफेड केली. हंगामभरात पाचव्या क्रमांकापुढे मजल गेली नाही, पण व्होल्वो म्हणजे पोक्त माणसांची गाडी, या समजाला तडा गेला.

शर्यतीतल्या त्या गाड्यांना टर्बो नव्हता. त्या प्रसिद्धीचा लाभ मिळाला तो टर्बोवाल्या ८५० टी-५आरला. १९९५ च्या या मॉडेलमध्ये पाच सिलिंडरांचं २.३ लिटर इंजिन होतं. त्याच्या जडणघडणीत पोर्शेचा हात होता आणि ताकद होती २४० अश्वशक्ती. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ही गाडी सात सेकंदांच्या आसपास गाठते. आज संग्राहकांचा जीव जडतो तो तिच्या फिकट पिवळ्या रंगावर आणि किंमतही त्याच भावनेने चढते.

खरी गोम इथेच आहे. त्याच काळातली साधी टी-५ वॅगन २२५ अश्वशक्तीची होती. फरक अवघा पंधराचा. तिचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क दोन हजार आरपीएमपासूनच हाती येतो, त्यामुळे सामानाने भरलेली गाडीही ट्रकला ओव्हरटेक करताना गिअर बदलायला लावत नाही. ताकद फक्त पुढच्या चाकांना असल्याने एकदम पाय दाबला की स्टीअरिंग हाताला हिसके देतं. हा दोष मात्र पिवळ्या गाडीतही आहेच.

चारही चाकांना ताकद देणारी ऑडी आरएस२ त्याच काळातली आणि ३१५ अश्वशक्तीची. पण अशा गाड्या तीन हजारही बनल्या नाहीत. ती आता रोज वापरण्यापेक्षा जपून ठेवण्याचीच वस्तू झाली आहे.

तीस वर्षांच्या गाडीत पैसे मोजायचे ते तिच्या तब्येतीचे. ८५० च्या मीटरमधलं प्लास्टिकचं छोटं चाक तुटतं आणि किलोमीटरचा आकडा जागीच थांबतो, म्हणून कमी रीडिंगवर भाळण्यात अर्थ नाही. इंजिन गरम होऊन आयडलवर असताना डिपस्टिक जरा वर ओढून पाहावी. नळीतून धूर येत असेल तर इंजिनातली वाफ बाहेर काढणारी वाट तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. ती तशीच राहिली की आतला दाब वाढून ऑइल सील गळू लागतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती तर हवीच, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

भारतात बसून या गाडीची स्वप्नं पाहण्यात मतलब नाही. तीन वर्षांहून जुनी अशी वापरलेली गाडी सर्वसाधारण आयात नियमांत बसत नाही. आपल्याकडे वॅगन हा प्रकार तसाही रुजला नाही. टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट आणली, मारुतीने पुढे बलेनो अल्टुरा आणली, पण गिऱ्हाइकाने पाठ फिरवली ती फिरवलीच.

युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र हा सौदा खुला आहे. त्यांनी पिवळ्या टी-५आरचा नाद सोडावा, पावत्यांची जाड फाइल असलेली कुठल्याही रंगाची टी-५ घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत बेल्ट, होज आणि ब्रेक पहिल्याच महिन्यात नवे करून घ्यावेत.