रानभाजीची पाटी ठेवायची कोठे?

मृगाच्या सरी पडून आठवडा लोटतो न लोटतो तोच पालघर आणि बोईसरच्या बाजारांत रस्त्याच्या कडेला शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. पूर्वेकडील डोंगरपट्ट्यातील आदिवासी स्त्रिया त्या रानातून खुडून आणतात. तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर निघालेला नोकरदार त्यांच्याकडे क्षणभर पाहतो आणि घरी मात्र बारमाही फ्लॉवर नेतो.

यात सर्वस्वी त्याचाच दोष आहे असे नाही. औद्योगिक वसाहतीमुळे येथे आलेल्या अनेक कुटुंबांत शेवळ कधी शिजलेलेच नसते. आणि ही काही अजाणत्या हाताने चिरून फोडणीस टाकावी अशी भाजी नव्हे. सुरणाच्या कुळातील हा फुलोरा घशाला खाजतो. म्हणून घट्ट मिटलेली, कोवळी शेवळे निवडायची, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि काकडाची आंबट फळे वाटून घालायची. विकणारी बाई शेवळांशेजारी काकडांचा वाटा ठेवते तो याचसाठी. तिला विचारले तर ती सारी कृती सांगते. पण आठ-पंचवीसची गाडी गाठणाऱ्याला विचारण्यास उसंत कोठली?

इतर जिन्नसांचेही तसेच आहे. टाकळा पहिल्या पावसातला, कोवळ्या पानांचाच घ्यावा. करटुली हिरवी असावी, पिवळी पडलेली जून निघते. घोलवडच्या चिकूवर नख ओढले असता हिरवी रेघ दिसली तर फळ अपक्व उतरवले आहे असे समजावे. बहाडोलीचे जांभूळ तर दोन दिवसही दम धरत नाही. ते जवळच्या बाजारातच खावे.

मात्र ग्राहक शहाणा झाला तरी विकणारीला बसण्यास जागा हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याने तिला लघु वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला. विकायचे कोठे, हे त्यात नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा शहरांसाठी आहे. रेल्वेच्या हद्दीला तो लागू नाही, आणि त्याचा आधार सर्वेक्षण व प्रमाणपत्र हा आहे. वर्षातले पाच-सहा आठवडे येणारी ही बाई पाहणीच्या दिवशी शेतावर लावणीला गेलेली असणार. मग पाटी उचलायची वेळ प्रथम तिच्यावर येते आणि बारमाही गाळेवाला जागच्या जागी राहतो. पालघर नगरपरिषदेने जून ते सप्टेंबर मंडईतील काही ओटे हंगामी विक्रेत्यांसाठी विनाशुल्क राखून ठेवले तर तिजोरीला फारशी तोशीस लागणार नाही. बोईसरलाही तशी सोय करता येण्याजोगी आहे.

शेवळाचा फुलोराच खुडला जात असल्याने तेथे बी धरत नाही. तेव्हा मागणी वाढली की ओरबाडणेही वाढेल ही शंका रास्त आहे. परंतु कोणत्या माळावरची किती खुडावीत, हे व्यापाऱ्याच्या टेम्पोपेक्षा पाटीवालीला अधिक कळते. दलाल शिरण्यापूर्वीच तिची जागा पक्की होणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कृषी खाते रानभाजी महोत्सव भरवते, ही चांगलीच गोष्ट. परंतु तो बहुधा ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाच्या सुमारास भरतो आणि शेवळाचा हंगाम तोवर उलटून गेलेला असतो.